मस्कीच्या हंगामाची उद्दिष्टं: मासे किती, ते का लिहिलं नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मागचा लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. मस्की हा इकडे अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा. यंदाच्या त्याच्या हंगामासाठी मी पाच गोष्टी ठरवल्या आहेत. सगळीकडे भटकायचं नाही, मिनेसोटा राज्यातलं मिनेटोंका हे एकच तळं धरायचं. प्रत्येक फेकीचा शेवट बोटीलगत आमिषाने आठचा आकडा काढूनच करायचा. पाणी ८० अंश फॅरनहाइटला गेलं की त्या दिवसापुरता मस्कीचा नाद सोडायचा. आमिषामागे येऊन परत फिरलेल्या प्रत्येक माशाची वहीत नोंद करायची. आणि मासा लागलाच, तर जाळं पाण्यातच ठेवून गळ काढायचा आणि मासा सोडून द्यायचा.

त्यावर तुम्ही गुहागरहून लिहिलंत: "पाचांत एकही आकडा नाही. किती मासे धरणार, केवढे धरणार, काही नाही. नापासच होता येणार नाही अशी परीक्षा स्वतःची घेताय. ऑफिसातलं केआरए (वर्षभराची उद्दिष्टं) तळ्यावर नेलंत म्हणायचं. आणि सोडूनच द्यायचा तर मुक्या जीवाला छळता कशाला? आमच्याकडे गरवायला गेलेला माणूस कालवणापुरतं घेऊन घरी येतो." नुसती नोंद करायची हे फार सैल आहे, असंही म्हणालात. शेवटी विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला शिकायला गेलेल्या मुलाने काय सामान घ्यावं, हेही विचारलंत. शिव्या घालता घालता सल्ला विचारणारा वाचक मला आवडतो.

आधी आकड्याचं बघू. तुमच्या खाडीत शिंगाळा, तांबोशी, नशीब असेल तर जिताडा लागतो. भरती-ओहोटी सांभाळून बसलात तर आज नाही तर उद्या काहीतरी मिळतंच. मस्कीचं तसं नाही. इकडे त्याला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. ही अर्थातच थाप आहे, पण ती का रुजली हे एक हंगाम काढला की कळतं. हा तळ्यातला सगळ्यात वरचा शिकारी. चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या तळ्यातसुद्धा एकरामागे एक मोठा मस्की निघेल याची खात्री नसते. मिनेटोंका तर साडेचौदा हजार एकरांच्या आसपास पसरलेलं, खाड्याखाड्यांचं तळं. शनिवार-रविवारी तिथे इतक्या मोटरबोटी घुसळत असतात की बरेच मस्कीवाले रात्रीच बाहेर पडतात.

आता समजा मी लिहिलं की यंदा ५० इंची धरणार. इकडच्या बहुतेकांचं स्वप्न तेवढंच असतं. मस्कीची मादी ५० इंचांची व्हायला साधारण पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. नर सहसा तेवढे होतच नाहीत. मिनेटोंकातले मस्की मुख्यतः राज्याच्या मत्स्यखात्याने सोडलेल्या पिल्लांचे वाढलेले. म्हणजे मला हवा असलेला मासा पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी टाकीतून तळ्यात ओतलेला असायला हवा, मग तो जगायला हवा, आणि नेमका माझ्या बोटीसमोर भुकेला असायला हवा. यातलं माझ्या हातात काय? गळाला धार आहे की नाही, एवढंच. जे हातातच नाही ते वहीत लिहून वर्षअखेरीला त्याच्यापुढे फुली मारायची, यात कसली हिंमत आलीय?

आणि नापास होता येत नाही म्हणता, त्याबद्दल जरा तपशीलात सांगतो.

मस्की बऱ्याचदा आमिषावर झडप घालत नाही, नुसता मागे मागे येतो. रीळ गुंडाळत आणता आणता आमिष बोटीपाशी पोहोचतं, आणि त्याच्या हातभर मागे, थोडी खाली, एक तपकिरी सावली दिसते. पोलराइज्ड चष्मा नसेल तर तीही दिसत नाही. इथे नवशिक्या माणूस हबकून आमिष पाण्याबाहेर उचलतो आणि मासा गेला. करायचं असतं ते वेगळंच. दोरीचा शेवटचा दीड-दोन फूट भाग बाहेर ठेवून रीळ थांबवायचं, काठीचं टोक पाण्यात खुपसायचं आणि आमिष इंग्रजी आठच्या आकारात फिरवत राहायचं. (आपला मराठी ८ काढलात तर मासा बुचकळ्यात पडून निघून जाईल.) वळणं मोठी हवीत. चार फुटांचा मासा म्हणजे कुंभार्ली घाटातली एसटी, वळायला तिला जागा लागते. मासा दिसला म्हणून हात आखडायचा नाही, उलट वेग वाढवायचा. पुष्कळ मस्की याच वळणांवर, अक्षरशः पायाशी लागतात.

बरं, मासा दिसला तेव्हाच आठ काढायचा असता तर ते उद्दिष्ट म्हणून लिहायची गरजच नव्हती. तेव्हा तो कुणीही काढतो. अडचण अशी की खोल किंवा गढूळ पाण्यात मागे आलेला मासा दिसतच नाही. म्हणून आठ प्रत्येक फेकीला काढायचा. साडेआठ-नऊ फुटांची काठी, मुठीपेक्षा मोठी पाती असलेलं बकटेल नावाचं केसाळ आमिष, आणि ते ओढताना मनगटावर येणारा ताण. सकाळचे पहिले दोन तास मोठ्या हौसेने आठ निघतात. दुपारी चारला, खांदे भरून आलेले, सकाळपासून पाण्यात गवताशिवाय काही दिसलेलं नाही, अशा वेळी आठाचा अर्धवट स्वल्पविराम होतो. मग तोही होत नाही. बोटीत दुसरं कुणी नसतं, नियम मोडला हे फक्त मला ठाऊक. या परीक्षेत नापास होता येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दुपार माझ्याबरोबर यावं. डबा माझ्याकडून.

८० अंशांच्या अटीचंही तसंच आहे. ८० फॅरनहाइट म्हणजे आपले साधारण २७ सेल्सिअस. एवढ्या गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो. झुंजून दमलेला मस्की सोडल्यावर शेपूट हलवत जातो खरा, पण काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी तळाशी मरून पडू शकतो, आणि सोडणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. इथे हंगाम जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि १ डिसेंबरला संपतो. पाणी तापतं ते ऐन जुलै-ऑगस्टात, जेव्हा माणसाला सुट्टी असते, संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो आणि बोटीचं भाडं आधीच भरलेलं असतं. धक्क्यावर तापमापक बुडवून ८१ बघायचं आणि बास किंवा ब्लूगिल धरत बसायचं, नाहीतर घरी यायचं. वहीत "या वर्षी अमुक मासे" असं लिहिलेलं असेल, तर तो तापमापक कुणी बघणारच नाही.

माझा आकड्यांवर खरा राग आहे तो इथे. मस्कीच्या बाबतीत आकड्यांनी माणसांना फार वेडं केलंय. विस्कॉन्सिनात हेवर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीच्या संग्रहालयाची एक इमारतच मस्कीच्या आकाराची आहे, जिना चढून थेट जबड्यात उभं राहता येतं. १९४९ साली या गावाच्या परिसरात, काही महिन्यांच्या अंतराने, दोन जागतिक विक्रमांचे दावे झाले: कॅल जॉन्सनचा ६७ पौंड ८ औंसांचा मस्की आणि लुई स्प्रेचा ६९ पौंड ११ औंसांचा. १९५७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आर्ट लॉटनने सेंट लॉरेन्स नदीतल्या ६९ पौंड १५ औंसांच्या माशाचा दावा केला आणि पुढची कित्येक वर्षं तोच विक्रम धरला गेला. १९९२ साली फोटो तपासून तो बाद ठरवला. आज मासेमारीची आंतरराष्ट्रीय संघटना जॉन्सनला मानते आणि हेवर्डचं संग्रहालय स्प्रेला. सत्तरहून जास्त वर्षं लोटली, सगळी मंडळी देवाघरी गेली, तरी जुन्या फोटोंवर मोजपट्ट्या लावून भांडणं चालूच आहेत.

दुसरी गोष्ट मिनेसोटातलीच. जुलै १९५५ मध्ये लीच लेकवर उन्हाचे, वारा पडलेले काही दिवस आले आणि कधी नव्हे ते मस्की भराभर लागायला लागले. त्या दिवसांचे फोटो अजून बघायला मिळतात: फळीवर ओळीने टांगलेले लांबलचक मासे आणि शेजारी हसणारी माणसं. ते सगळे मासे मेलेले. त्या काळी तीच रीत होती, त्यांना आज नावं ठेवून उपयोग नाही. पण ते फोटो बघताना मला पंधरा वर्षांचा हिशोब आठवतो.

तरी आकडाच नको असं माझं म्हणणं नाही. १९६६ मध्ये इथे मिनेसोटात मस्कीज इन्कॉर्पोरेटेड ही संघटना सुरू झाली आणि धरा, मोजा, सोडा ही सवय लावण्यात तिचा मोठा वाटा आहे. तिच्या सभासदांतही स्पर्धा असते, फक्त पौंडांऐवजी इंचांची. मीही लागलेला मासा मोजतो, वहीत लिहितो. झालेल्या गोष्टीचा आकडा लिहायला हरकत कसली? व्हायच्या गोष्टीचा आधी लिहून ठेवला की माणूस तो गाठायला काय काय करतो, ते वर सांगितलंच.

केआरएचा टोमणा झोंबला, पण वर्मी नाही लागला. ऑफिसातली उद्दिष्टं साहेब ठरवतो आणि त्यात आकड्याशिवाय दुसरं काही नसतं. तुम्ही मला जे लिहायला सांगताय, तेच खरं केआरए.

आता सोडण्याबद्दल. इथे माझी बाजू तुमच्याइतकी स्वच्छ नाही, हे सरळ कबूल करतो. खाण्यासाठी धरणाऱ्याला कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. गळ लागलेल्या माशाला मजा वाटत असेल असं मी म्हणणार नाही, आणि "आम्ही निसर्ग वाचवतो" हे मस्कीवाल्यांचं भाषण मलाही ऐकवत नाही. पण "मग खाऊन टाका" हेही उत्तर होत नाही. मिनेसोटातल्या बहुतेक पाण्यांत ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवायला कायद्याने बंदी आहे. ५४ इंच म्हणजे साडेचार फूट, तो बघायला मिळाला तरी आयुष्य सार्थकी लागलं म्हणायचं. शिवाय वरच्या शिकाऱ्याच्या अंगात पारा साठत जातो, म्हणून गर्भवती बायकांनी आणि लहान मुलांनी तो खाऊ नये असं आरोग्य खातं सांगतं. कालवणासाठी इथे वॉलआय आहे, पर्च आहे, ते मी आनंदाने खातो. नारळ घालून वॉलआय सुरेख लागतो.

आणि हे काही गोऱ्यांचंच खूळ नाही. आपल्याकडे महाडजवळ वाळण कोंडीतल्या महसीरला देवीचा मासा म्हणून कुणी हात लावत नाही. लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या वीज कंपनीने कित्येक दशकं महसीरची पिल्लं वाढवली आणि देशभर पाठवली. महसीरला गळ टाकणारी हौशी मंडळीही मासा मोजून सोडतात. वाळण कोंडीचे लोक माझ्यापेक्षा शहाणे, ते गळच टाकत नाहीत. मला तेवढं जमत नाही. जे जमतं ते एवढंच की मासा कमीत कमी वेळ पाण्याबाहेर राहावा. पाचवं उद्दिष्ट त्यासाठीच आहे.

तुमच्या एका मुद्द्याने मात्र वहीत भर पडली. नुसती "नोंद करायची" हे फार सैल आहे, असं तुम्ही म्हणता. खरंय. आता प्रत्येक परत फिरलेल्या माशापुढे पाण्याचं तापमान, वाऱ्याची दिशा, गवताची कड की खडक, कुठलं आमिष आणि मासा कितव्या वळणावर फिरला, असे रकाने आखलेत. हंगामानंतर ते इथे टाकीन, मासे लागोत न लागोत.

आता चिरंजीवांचं सामान. मॅडिसनमध्ये असेल तर नशीबवान आहे, शहरातच विंग्रा आणि मोनोना ही मस्कीची तळी आहेत. सुरुवात विंग्रावर करू दे. तिथे फार मोठे नाहीत, पण संख्या बरी आहे आणि शिकायला तेच हवं. काठी-रिळावर पैसे उडवायच्या आधी त्याला रबराचा लेप असलेलं मोठं जाळं, लांब चोचीची पक्कड आणि गळ तोडायचं भक्कम कटर घ्यायला लावा. रुतलेला गळ ओढत बसण्यापेक्षा तोडलेला बरा. त्याला आणि माशाला, दोघांनाही. मग साडेआठ फुटांची जाड काठी, ८० पौंडांची विणीची दोरी, आणि दातांपुढे टिकेल असा तारेचा किंवा जाड फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोरी आणि आमिष यांच्यामधला तुकडा. लीडरशिवाय एकही फेक नको. नाहीतर दोरी तुटते आणि मासा तोंडात तीन गळ घेऊन जातो. आमिषं दोन बकटेल पुरेत, एक काळं, एक चमकत्या पात्यांचं. दुकानदार वीस दाखवेल. मासेमारीचा परवाना विस्कॉन्सिनात घरबसल्या निघतो, तो फोनमध्ये ठेवायला सांगा. वॉर्डन मधूनमधून तपासायला येतात आणि "नवीन आहे" हे कारण चालत नाही.