तुकडा मोठा, म्हणून पद्धत चांगली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेचा सूर असा: इंटरस्टिशियल लंग डिसीजमध्ये (फुफ्फुसाच्या ऊतीला सूज येणारे, व्रण पडणारे आजार) क्रायोबायोप्सीने, म्हणजे ऊती गोठवून तुकडा काढण्याच्या पद्धतीने, कमाल केली आहे, मग फुफ्फुस प्रत्यारोपणानंतरचं रिजेक्शन (शरीराने नवं फुफ्फुस नाकारणं) शोधायला तुम्ही जुन्या चिमट्याची, म्हणजे फोर्सेप्सची, वकिली का करता, आणि रुग्णांना रक्तस्रावाची भीती कशाला घालता?

आधी तुमचीच बाजू मांडतो. ब्राँकोस्कोपमधून (श्वासनलिकेत घालायची दुर्बीण) घातलेला फोर्सेप्स दोन-तीन मिलिमीटरचा कण तोडून आणतो. तोडताना तो चेपतो, वायुकोश मिटतात, कधी कधी तर हाती नुसती श्वासनलिकेची भिंत लागते. तीव्र रिजेक्शन ओळखायचं म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) गोळा झालेत का ते बघायचं. चेपलेल्या कणात ते कसं दिसणार? क्रायोप्रोबचं टोक वायूच्या प्रसरणाने एकदम थंड होतं, भोवतालची ऊती काही सेकंदांत त्याला गोठून चिकटते आणि झटक्यासरशी निघते. तुकडा मोठा, न चेपलेला. तीव्र रिजेक्शन किती आहे ते सांगणारी 'ए' श्रेणी कोणती द्यायची यावर पॅथॉलॉजिस्टांमध्ये मतभेद होतात हे जुनंच दुखणं आहे, तेव्हा चांगली स्लाइड कोणाला नको?

पण तुमचा दाखलाच इथे नीट बसत नाही. इंटरस्टिशियल आजारात क्रायोची स्पर्धा सर्जिकल बायोप्सीशी असते, म्हणजे छातीला भोकं पाडून केलेल्या शस्त्रक्रियेशी. तिच्यापुढे क्रायो सौम्यच ठरणार. शिवाय तिथे बायोप्सी बहुतेकदा एकदाच होते. प्रत्यारोपणात स्पर्धा आहे साध्या फोर्सेप्सशी, आणि ज्या केंद्रांत तक्रार नसतानाही तपासणी म्हणून बायोप्सी करतात तिथे पहिल्या वर्षात ती पुन्हा पुन्हा होते. एकदा पत्करलेला धोका आणि दर खेपेला पत्करायचा धोका यांचा हिशेब वेगळा असतो.

धोका येतो कुठून, तेही सांगतो. गोठलेला तुकडा स्कोपच्या वाहिनीत मावत नाही, म्हणून स्कोप आणि प्रोब एकदमच बाहेर ओढावे लागतात. नेमक्या त्या क्षणी आत रक्त येत असेल तर बघणारं कोणी नसतं. म्हणूनच श्वासनलिकेत नळी किंवा रिजिड स्कोप घालतात, रक्त थांबवायला फुगा तयार ठेवतात. १.१ मिलिमीटरच्या बारीक प्रोबने घेतलेला तुकडा आवरणनळीतून काढता येतो, स्कोप जागेवर राहतो. मला खरी आशा या प्रोबकडून आहे.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. रिजेक्शन फुफ्फुसभर सारखं नसतं. एका जागी असतं, शेजारी नसतं. म्हणूनच आंतरराष्ट्रीय हृदय व फुफ्फुस प्रत्यारोपण संस्थेच्या २००७ च्या वर्गीकरणात वायुकोश असलेले, नीट फुललेले किमान पाच तुकडे मागितले आहेत. क्रायोत धोक्यामुळे मोजकेच तुकडे घेण्याकडे कल असतो. एका जागेचा देखणा तुकडा त्या जागेची खात्री देतो, पलीकडच्या भागाची नाही.

(जुनाट रिजेक्शन मात्र दोन्ही पद्धतींना हुलकावणी देतं. तिथे स्पायरोमेट्रीतला (फुंकून करायची श्वासाची चाचणी) उतरता एफईव्ही१, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा, जास्त बोलका. अँटिबॉडीमुळे होणाऱ्या रिजेक्शनमध्ये रक्तात दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी शोधाव्या लागतात. आणि संसर्गही रिजेक्शनसारखा दिसू शकतो, म्हणून बायोप्सीबरोबर लव्हाज (फुफ्फुसात सलाइन सोडून, परत ओढून तपासणं) हवंच.)

"तुमच्या घरच्या माणसासाठी काय निवडाल?" असंही तुम्ही विचारलंय. स्पायरोमेट्री स्थिर असेल आणि तपासणी नेहमीची असेल तर फोर्सेप्स. एफईव्ही१ घसरतोय, संसर्ग सापडत नाही आणि फोर्सेप्सचे तुकडे अपुरे ठरलेत, तर क्रायो. पण ती करायचा सराव असलेल्या हातांनी, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का हे आधी विचारून.