गल्लीतला मोबाईलतज्ज्ञ व्हायचंय? मग आधी फोन घेणं बंद करा

तर तुम्हाला वाटतंय ना, की चार लोकांनी म्हणावं "ह्याला विचार, ह्याला मोबाईलमधलं सगळं कळतं"? एकदम सोप्पंय. त्यासाठी वालचंदला इंजिनिअरिंगला नंबर लागावा लागत नाही, कोडिंग तर अजिबात लागत नाही. सांगलीत विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर रोज अर्धा तास उभं राहायची तयारी पाहिजे आणि खिशात चार वर्षांपूर्वीचा फोन पाहिजे, शक्यतो काच तडकलेला. नवा फोन घेतला की तुम्ही गिऱ्हाईक झालात, मग तुमचं कोण ऐकणार, तुम्ही तर स्वतःच्याच फोनचं कौतुक सांगणार.

कुणी "कुठला घेऊ रे?" विचारलं की लगेच नाव सांगायचं नाही. कप खाली ठेवायचा, लांब बघायचं आणि म्हणायचं, "थांब." सप्टेंबरात आयफोन येतो म्हणून थांब, तो आला की जुन्याची किंमत उतरते म्हणून थांब, मग दिवाळीचा सेल आहे म्हणून थांब, आणि सेलमध्ये खरंच घ्यायला निघाला तर सांगायचं, अरे दोन-तीन महिन्यात सॅमसंगचा येईल, वेडा आहेस का. माझा एक मित्र ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं तेव्हापासून थांबलाय. बॅटरी फुगून त्याच्या फोनचं मागचं झाकण उचललंय, रबरबँड लावून वापरतो, पण माझ्यावरचा विश्वास काय ढळला नाही गड्याचा.

मग आकडे. आकडे पाठ पाहिजेत, अर्थ नंतर बघू. २०० मेगापिक्सेल म्हटलं की समोरचा गार. साध्या मोडमध्ये तो कॅमेरा शेजारशेजारचे १६ पिक्सेल एकत्र करून त्यांचा एकच करतो आणि तुमच्या हातात जेमतेम १२ मेगापिक्सेलचा फोटो टेकवतो, हे त्याला लगेच सांगायचं नाही. सांगलीच्या माणसाला तसंही नवल वाटणार नाही म्हणा, ओली हळद शिजवून वाळवली की पोत्याचं काय होतं ते इथं पोराटोरांना माहितीय. निट्सचंही तेच, म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप. ३००० निट्स लिहिलेलं असतं खरं, पण तेवढा उजेड स्क्रीनच्या एवढ्याशा तुकड्यावर, तोही ठराविक व्हिडिओ लागला तर. तुम्ही मात्र "सूर्य आहे रे सूर्य" म्हणून मोकळं व्हायचं.

आणि वॉटरप्रूफ! आयपी६८, म्हणजे पाणी-धूळ आत न जाण्याचा शिक्का, म्हटलं की हमखास कुणीतरी म्हणतो, चला कृष्णेत टाकून बघू. सॅमसंगवाले लिहितात गोड्या पाण्यात दीड मीटर, अर्धा तास. म्हणजे पाच फूट. अरे आमच्याकडं आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला पुराचा इशारा आणि ४५ ला धोका, त्याच्या आधी लोक चहा पीत पाणी बघायला जातात, पाच फुटाचं काय कौतुक सांगता आम्हाला. शिवाय पाणी आत गेलंच तर बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत ते बसत नाही. पण हे बारीक अक्षरातलं आहे, आणि तज्ज्ञानं बारीक अक्षरातलं वाचायचं नसतं.

एक बाजूही धरावी लागते, ऍपल नाहीतर सॅमसंग, कुठली ते महत्त्वाचं नाही, भांडता आलं पाहिजे. ऍपलनं २०१६ ला हेडफोनचं भोक बुजवलं तेव्हा सॅमसंगनं जाहिराती काढून टर उडवली आणि २०१९ ला नोट १० मधलं स्वतःचंही बुजवलं. २०२० ला ऍपलनं बॉक्समधला चार्जर काढला, सॅमसंग परत हसलं, आणि २०२१ च्या जानेवारीत त्यांच्याही एस२१ च्या बॉक्समधून चार्जर गायब. कारण काय तर पर्यावरण. पंगतीला बोलवायचं आणि ताट घरनं आणा म्हणायचं, त्यातला प्रकार. वर २०२१ लाच ऍपलनं स्क्रीन पुसायचं फडकं विकायला आणलं, १९०० रुपयाला. घरी सांगितलं तर आजीनं एवढंच विचारलं, "पैठणीचं आहे का?"

गंमत म्हणजे काही बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढं आहोत पण आपल्याला कुणी विचारत नाही. २०१९ ला सॅमसंगचा पहिला घडीचा फोन आला, जवळजवळ दोन हजार डॉलरचा, आणि तिथल्या परीक्षण करणाऱ्या काही शहाण्यांनी स्क्रीनवरचा पातळ थर कव्हर समजून सोलून काढला. फोन गेला कामातनं, एप्रिलचं लाँच सप्टेंबरवर गेलं. हे सांगली-मिरजेत घडलं असतं का? आमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून आहे, टीव्ही बदलून तीन वर्षं झाली.

एवढं सगळं जमलं तरी एका गोष्टीपासून जपा, ती म्हणजे मामा. बेदाण्याचं पेमेंट आलं तसे तासगावचे मामा थेट दारात. "लका, चांगला फोन सांग, पैशाचं बघू नको." पैशाचं बघू नको! तज्ज्ञाच्या आयुष्यात असा दिवस परत येत नाही. मी पाऊण तास बोललो, चिप किती नॅनोमीटरची, स्क्रीन १२० हर्ट्झ का पाहिजे, एआय फोटोतनं मागची माणसं कशी पुसतं (मामा म्हणाले, "कशाला पुसायची, आपलीच हायत की"). त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि विचारलं, "बागंत उन्हात दिसतंय का? औषध मारायचा ब्लोअर चालू असला तर घंटी ऐकू येती का? आन लाईट गेली तर दोन दिस चालतंय का?"

मी सूर्य म्हणणार होतो, पण तोंडातनं निघेना. मी बघितलेल्या एकाही व्हिडिओत ब्लोअर नव्हता.

मामा उठले, बाजारात गेले आणि अर्ध्या तासात फोन घेऊन परत. दुकानदाराला म्हणे तीन फोन रस्त्यावर आणून वाजवून दाखवायला लावले, आणि ज्याला पलीकडच्या केळीवाल्यानं वळून बघितलं तो घेतला. मेगापिक्सेल किती विचारलं तर म्हणाले, असतील की.

मग बॉक्स माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "तुला कळतंय नव्हं ह्यातलं, तेवढी अक्षरं मोठी करून दे. आन वरचं प्लास्टिक काढू नको हां."