बाळंतिणीचं पाणी तोडणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘बाळंतिणीसाठी आजीबाईंचे सात नियम, डॉक्टर कधीच सांगणार नाहीत’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. आधी दोनदा मी सोडून दिला होता. या खेपेला भाचीच्या सासूबाईंनी तो वहीत उतरवून घेतला, म्हणून लिहायला बसले.

नवव्या दिवशी भाचीला भेटायला गेले. ओठ सालपटलेले. उशाशी एक फुलपात्र, त्यात तळाला उरलेलं ओव्याचं पाणी. म्हणाली, “मावशी, आधी दाराला कडी लाव आणि तुझ्या पर्समधली बाटली दे.” अर्धा लिटर पाणी तिने एका दमात संपवलं. नियम पहिला: ‘बाळंतिणीला दिवसातून दोन फुलपात्री पाणी, त्यावर थेंब नाही. जास्त प्यायलं की पोट सुटतं आणि टाके चिघळतात.’

हा नियम कुणी काढला, देव जाणे. बाळंतपणानंतर पोट मोठं दिसतं, कारण गर्भाशय लगेच आक्रसत नाही. बाळंत झाल्या दिवशी ते साधारण किलोभराचं असतं आणि बेंबीच्या आसपास हाताला लागतं. मग रोज बोटभर खाली सरकतं, दोनेक आठवड्यांत ओटीपोटात जातं आणि सहा आठवड्यांत जेमतेम साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. ताणलेले स्नायू आवळायला आणखी महिने लागतात. यात पाण्याच्या तांब्याचा संबंध कुठे आला? उलट आईच्या दुधात 87 टक्क्यांच्या वर पाणीच असतं आणि अंगावर पिणारं बाळ पुढे दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध ओढतं. ते पाणी तिच्याच अंगातून जातं. पाणी तोडलं की लघवीला जळजळ, शौचाला खडा आणि खडा झाला की टाक्यांवर जोर. म्हणजे टाके जपायला म्हणून जे केलं, त्यानेच टाके दुखतात. शिवाय या सहा आठवड्यांत पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो. ढसाढसा पाणी प्यायल्याने दूध वाढतं असंही नाही. तहान लागेल तेवढं, लागेल तेव्हा, कोमट हवं तर कोमट. ओव्या-शेप्याचं पाणी जरूर द्या, पण साध्या पाण्याचा तांब्या हाताशी ठेवून.

नियम दुसरा, ‘पहिला पिवळा चीक पिळून टाका, बाळाला मध चाटवा.’ नाही आणि नाही. चीक म्हणजे बाळाची पहिली लस, तो पहिल्या तासातच पोटात जायला हवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम होऊन बाळ लुळं पडू शकतं. मध घरचा, शुद्ध, पोळ्यातून काढलेला असला तरी फरक पडत नाही.

शेगडीचा शेक? अंगाला ऊब बरी वाटते, मलाही वाटली होती. पण कोळसे पेटवून दारं-खिडक्या लावून घेणं म्हणजे आई आणि बाळाला कार्बन मोनॉक्साइडबरोबर कोंडणं. त्याला ना वास, ना रंग. गरम पाण्याची पिशवी घ्या.

लाडवांबद्दल मेसेज निम्मा खरा आहे, हे नाइलाजाने कबूल करते. दूध पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 उष्मांक जास्त लागतात, तेव्हा डिंकाचे, अळिवाचे लाडू काही वाईट नाहीत. पण ‘भाजी-फळं वातूळ, फक्त लाडू आणि तूप-भात’ हे चूक. आणि अळिवाचा लाडू म्हणजे लोहाची गोळी नव्हे, गोळ्या चालूच ठेवायच्या.

सर्वांत चीड आली ती सहाव्या नियमाची: ‘सव्वा महिना परक्या बाईला खोलीत घेऊ नये.’ येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी नको, हे ठीक. पण या वाक्यापायी सातव्या दिवशी आलेल्या आशाताईला, म्हणजे घरी येऊन तपासणाऱ्या आरोग्य-कार्यकर्तीला, उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी का येते, ठाऊक आहे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी बाळ-बाळंतीण तपासायला लावलं. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात बाळांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे देशाने ही पद्धत उचलली. हे घरातच झालं, बायकांनीच केलं. मग ‘दवाखाना विरुद्ध परंपरा’ हे भांडण कशाला लावताय?

‘पूर्वीच्या बायका असंच करून ठणठणीत होत्या’ म्हणे. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला, दहा दिवसांत गेला. त्या पुढे अमेरिकेत जाऊन 1886 मध्ये डॉक्टर झाल्या आणि प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदू प्रसूतिशास्त्रावर. परंपरा त्यांना मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा नक्कीच जास्त माहीत होती.

खरी परंपरा म्हणाल तर माझ्या आईने माझं बाळंतपण केलं, ती. न्हाऊ-माखू घालायला बाई यायची, रात्री बाळ रडलं की आई उठायची, मी झोपायची. मेसेजात नियम सात आहेत, पण भांडी कोण घासणार, रात्री कोण उठणार, यावर एक ओळ नाही. भाची नवव्या दिवशी स्वतःचे कपडे धूत होती.

सासूबाईंच्या वहीत आता मी आठवा नियम लिहून आलेय: ताप आला, तासाभरात पॅड भिजलं, अंगावरून जाताना घाण वास आला, एक पिंढरी सुजून दुखली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारलं, किंवा बाळाने दूध ओढणं सोडलं, तर शेगडी न पेटवता 108 ला फोन. आणि चौदाव्या दिवशी, म्हणजे येत्या गुरुवारी, आशाताईला आत घ्यायचं. चहाही विचारायचा.