‘मनात ठेवा, लिहून कशाला दाखवता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ज्यांचा कोणत्याच धर्मावर विश्वास नाही त्यांनी २०२७च्या जनगणनेत ‘धर्म नाही’ असं सांगावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिलंत की देव मानणं-न मानणं मनात असू द्यावं, कागदावर उतरवणं ही शिकल्यासवरल्या शहरी लोकांची नवी टूम आहे. नास्तिकांना आपल्याकडे कधी कुणी त्रास दिला नाही, असंही आपलं म्हणणं. घटनेचा दाखला दिलात, आपल्या आईंच्या वारीचाही उल्लेख केलात. आणि असलं वाचून आपली कॉलेजात जाणारी मुलगी आरतीला उभी राहीनाशी झाली. आपण चिडून लिहिलंत, पण कळकळीनं लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

टूम नवी नाही. आगरकर देव मानत नव्हते आणि ते लपवतही नव्हते. त्यांच्या लिखाणावर खवळलेल्या पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. आणि कागदावर लिहून घेण्याची हौस म्हणाल, तर ती सरकारची. १८७२च्या कायद्याखाली नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं तर वधू-वरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन, ज्यू यांपैकी कोणताच धर्म मानत नाही, असं लिहून द्यावं लागे. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांची त्यातून सुटका १९२३मध्ये झाली, बाकीच्यांची १९५४च्या कायद्यानं.

त्रासाबद्दल काय सांगू? २० ऑगस्ट २०१३ला सकाळी फिरायला निघालेल्या, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. मे २०२४मध्ये न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली. आणि दाभोलकर लोकांना देव सोडा असं सांगतच नव्हते.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या लेखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. डॉ. श्रीराम लागू आणि दाभोलकर मिळून गावोगाव एक कार्यक्रम करत, विवेकजागराचा वाद-संवाद. लागू स्पष्ट सांगत की देव ही कल्पना आता निवृत्त करायला हवी. दाभोलकर त्याच मंचावरून सांगत की समितीचा देवाधर्माला विरोध नाही, विरोध आहे तो देवाच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला. मग लोक प्रश्न विचारत, वाद घालत. समोर बसलेल्यांपैकी बहुतेक जण देव मानणारेच असणार. पूर्वीचा काळ सोन्याचा होता असं मी म्हणत नाही, दाभोलकरांच्या सभा उधळण्याचे प्रयत्न तेव्हाही झाले. पण देव नाही असं म्हणणारा माणूस निदान ऐकून घेतला जाई. आता ‘भावना दुखावल्या’ या वाक्यानंच बोलणं सुरू होतं आणि तिथेच संपतं. एकीकडे देवघर नसलेलं घर आता कुणाला खुपत नाही, बुवाबाजीला हसणारी तरुण मुलं पुष्कळ दिसतात, आणि दुसरीकडे तीच मुलं चारचौघांत ‘मी नास्तिक’ एवढे दोन शब्द बोलायला कचरतात. हा बदल मला फार टोचतो. आपण सुचवता तसं सगळ्यांनी मनात ठेवलं, तर तो आणखी पक्का होईल. गप्प बसलेला माणूस आपोआप श्रद्धाळूंत धरला जातो. २०११च्या जनगणनेत १२१ कोटींमध्ये नास्तिक म्हणून नोंदले गेले ते जेमतेम ३३ हजार. एवढेच असतील, असं आपल्याला तरी खरंच वाटतं का?

आपण घटनेचा दाखला दिलात म्हणून आठवण करून देतो. १७ ऑक्टोबर १९४९ला घटना समितीत ह. वि. कामतांनी घटनेच्या उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं व्हावी, अशी दुरुस्ती मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. ती नको म्हणणाऱ्यांत त्रावणकोरचे पट्टम थाणू पिल्लै होते, आणि ते स्वतः देव मानणारे. देव मानण्याचा किंवा न मानण्याचा हक्क माणसाला आहे, मग ही सक्ती होणार नाही का, असा त्यांचा सवाल होता. मुंबई उच्च न्यायालयात २०१४मध्येही तसंच घडलं. कोणत्याही सरकारी अर्जावर धर्म लिहायची सक्ती करता येणार नाही, हा निकाल ज्यांनी मिळवला ते नास्तिक नव्हते. येशूवर त्यांची श्रद्धा होती, फक्त त्यांना स्वतःला कुठल्या धर्माचं म्हणवून घ्यायचं नव्हतं. माझा हक्क श्रद्धावंतांनी राखला आहे. म्हणून आपल्या आईंच्या वारीबद्दल माझ्या लेखात एकही वाकडा शब्द नव्हता, आणि कधी असणारही नाही.

राहता राहिली मुलगी. माझा लेख वाचून ती बदलली असेल असं मला वाटत नाही. ती आपलं आपण विचार करत असणार. जनगणनेत बहुधा घरातलं एकच माणूस सगळ्यांची उत्तरं देतं. आपल्याकडे ती उत्तरं आपणच द्याल. प्रगणक तिच्या धर्माच्या रकान्याशी येईल तेव्हा उत्तर देण्याआधी तिला हाक मारा, आणि ती सांगेल तेच लिहायला सांगा.