ऑप्शन वाचण्याची ती ‘सात सोपी सूत्रं’ पुढे पाठवण्याआधी

‘सी प्रोग्रॅममध्ये कमांड लाइनवरचे ऑप्शन वाचण्याची सात सोपी सूत्रं, लायब्ररीची गरजच नाही’ अशा शीर्षकाचा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. ऑप्शन म्हणजे प्रोग्रॅम चालवताना त्याच्या नावापुढे टाइप करायच्या सूचना. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपवर तो पोचलाय. मलाही तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता सोडून दिला. चौथ्यांदा तो माझ्या भाचीच्या प्रोग्रॅममधून माझ्यासमोर आला, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

भाची सांगलीतच डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तिने सीमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीच्या नोंदी साध्या फाईलमधून वाचायच्या आणि ठरवलेल्या पातळीच्या वर गेलेल्या ओळी छापायच्या, एवढंच त्याचं काम. पातळी ऑप्शनने द्यायची: डॅश-डी आणि पुढे फुटांचा आकडा. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे सांगलीत लहान पोरालाही तोंडपाठ असतं. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातले पाहुणे सामानसुमानासह आमच्या विश्रामबागेतल्या घरी येऊन राहिले होते. त्यामुळे हा विषय आमच्या घरात कुणी हलक्यात घेत नाही.

तिने प्रोग्रॅम दाखवला आणि मी चालवून बघितला. आकडा हाताने टाइप न करता नोंदींच्या मराठी फाईलमधूनच उचलून चिकटवला, म्हणजे तो देवनागरीत ४५ असा गेला. प्रोग्रॅमने फाईलमधली एकूण एक ओळ धोक्याची म्हणून छापली. मे महिन्यातल्या, नदी तळाला गेलेल्या दिवसांच्यासुद्धा. चूक दाखवली नाही, थांबला नाही.

“मामा, ग्रुपवरच्या सूत्रांप्रमाणंच केलंय की. वर्गात सगळ्यांनी तसंच केलंय,” ती म्हणाली.

म्हणून आता सूत्रं एकेक घेतो. मेसेजमधल्या क्रमाने नाही; भाचीला नडलं ते आधी, मग ज्याने जास्त नुकसान होतं ते.

चौथं सूत्र: ‘ऑप्शनचा आकडा हवा असेल तर एटॉय वापरा, एका ओळीत काम.’

वर जे घडलं ते या एका ओळीमुळे. एटॉय हे फंक्शन अक्षरांच्या माळेतून पूर्णांक काढून देतं, पण आकडा सापडला की नाही हे सांगायची त्याच्याकडे सोयच नाही. काहीच वाचता आलं नाही तर ते शून्य परत देतं. खरोखर शून्य लिहिलं असेल तरीही शून्यच. देवनागरी ४५ मधला एकही बाइट त्याच्या लेखी अंक नाही, म्हणून शून्य. धोक्याची पातळी शून्य फूट झाली की मग मे महिन्यातली नदीसुद्धा धोक्याच्या वर.

साडेबेचाळीस फुटांसाठी ४२.५ दिलं तर एटॉय दशांशचिन्हापाशी थांबतं, ४२ देतं आणि उरलेलं टाकून देतं. आकडा पूर्णांकात मावणार नाही इतका मोठा असेल तर काय होईल, याची सीच्या स्टँडर्डमध्ये कसलीच हमी नाही. त्याला ‘अनडिफाइन्ड बिहेविअर’ म्हणतात, म्हणजे कंपायलरने काहीही केलं तरी तुम्हाला तक्रार करता येत नाही.

याला पर्याय त्याच हेडर फाईलमध्ये शेजारीच बसलेला आहे: स्ट्रटॉल. तो आकडा तर देतोच, शिवाय वाचन कुठे थांबलं तो पत्ताही देतो. तो पत्ता सुरुवातीचाच असेल तर एकही अंक सापडला नाही. तिथे शेवटचा शून्य बाइट नसेल तर आकड्यामागे काहीतरी कचरा आहे. आणि बोलावण्याआधी एररनो, म्हणजे शेवटची चूक नोंदवणारं व्हेरिएबल, शून्य करून ठेवला असेल, तर आकडा हद्दीबाहेर गेल्याचंही कळतं. तीन तपासण्या, चार-पाच ओळी. दशांश हवा असेल तर स्ट्रटॉड, तपासण्या त्याच. फक्त एक जपायचं: स्ट्रटॉड ‘नॅन’ (म्हणजे ‘आकडा नाही’) हा शब्दही आकडा म्हणून मुकाट स्वीकारतो, आणि नॅनशी केलेली ‘मोठं का?’ ही तुलना नेहमी खोटी ठरते. तसं झालं तर ५७ फुटांची ओळसुद्धा छापली जाणार नाही, आणि हे आधीच्या चुकीपेक्षा भयंकर. म्हणून आकडा शून्याच्या वर आणि शंभराच्या आत आहे का हे विचारायचं आणि नसेल तर थांबायचं. नॅन त्या प्रश्नात आपोआप नापास होतो.

दुसरं सूत्र: ‘आर्गसी किमान १ असतोच, कारण आर्गव्हीच्या शून्याव्या जागी प्रोग्रॅमचं नाव असतं. तपासत बसू नका.’

आर्गव्ही म्हणजे प्रोग्रॅमला मिळालेल्या शब्दांची यादी आणि आर्गसी म्हणजे त्या शब्दांची संख्या. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, आणि ते सगळ्यात जास्त खरंही वाटतं. शेलमधून, म्हणजे आपण कमांड टाइप करतो त्या प्रोग्रॅममधून, प्रोग्रॅम चालवला की आर्गसी किमान १ असतो, हे बरोबर. पण प्रोग्रॅम फक्त शेलच चालवतो असं कुणी सांगितलं? कुठलाही दुसरा प्रोग्रॅम एक्झेकव्हीई या सिस्टिम कॉलने (ऑपरेटिंग सिस्टिमला केलेल्या विनंतीने) तुमचा प्रोग्रॅम सुरू करू शकतो, आणि त्याला रिकामी यादी देऊ शकतो. सीचं स्टँडर्ड एवढंच म्हणतं की आर्गसी ऋण नसेल आणि यादीच्या शेवटी नल, म्हणजे ‘यादी संपली’ ही खूण, असेल. शून्य चालतो.

हे पुस्तकी भांडण नाही. लिनक्सवर पीकेएक्झेक नावाचा प्रोग्रॅम असतो, दुसऱ्याच्या अधिकाराने कमांड चालवायला. तो रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालतो, आणि उबुंटू, डेबियन, फेडोरासारख्या वितरणांत तो आपोआप बसलेला असायचा. जानेवारी २०२२ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केलं की मशीनवर साधं खातं असलेला कुणीही त्यातून रूट होऊ शकतो. या दोषाला पॉनकिट म्हणतात, क्रमांक सीव्हीई-२०२१-४०३४. कारण काय, तर हेच दुसरं सूत्र. पीकेएक्झेकचं ऑप्शन वाचणारं लूप मोजणी १ पासून सुरू करत होतं. आर्गसी शून्य असला की लूप एकदाही फिरत नाही, पण मोजणी १ वरच राहते, आणि पुढचा कोड आर्गव्हीची पहिली जागा वाचतो. ती जागा यादीच्या बाहेर आहे. लिनक्स मेमरीत आर्गव्हीच्या लगेच पाठीमागे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंग्जची, यादी ठेवतो, म्हणून तिथे पहिलं व्हेरिएबल सापडतं. प्रोग्रॅम त्यालाच चालवायच्या कमांडचं नाव समजतो, त्याचा पूर्ण पत्ता शोधतो आणि त्याच जागी परत लिहितो. रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅममधून जी धोकादायक व्हेरिएबल्स सुरुवातीलाच काढून टाकलेली असतात, त्यातलं एखादं अशा वाटेने पुन्हा आत शिरवता येतं. तिथून पुढे कुलूप उघडंच.

हा दोष मे २००९ मधल्या, पीकेएक्झेकच्या अगदी पहिल्या आवृत्तीपासून होता. जवळजवळ तेरा वर्षं. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर हा हल्ला चालत नाही, कारण त्याचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, रिकाम्या यादीने प्रोग्रॅम सुरूच करू देत नाही. लिनक्स कर्नलनेही ५.१८ आवृत्तीपासून यादी रिकामी असेल तर त्यात एक रिकामी माळ घालायला सुरुवात केली. पण जुनी कर्नल अजून किती मशीनवर चालतात ते आपण सगळे बघतोच.

भाचीचा प्रोग्रॅम रूट म्हणून चालत नाही, मान्य. पण सवय इथेच लागते. आर्गसी १ पेक्षा कमी असेल तर चूक सांगून बाहेर पडायचं. एक ओळ. ती लिहू नका असं विद्यार्थ्यांना ठासून सांगणाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

तिसरं सूत्र: ‘पहिल्या जागी ऑप्शन, दुसऱ्या जागी त्याचा आकडा, तिसऱ्या जागी फाईल. स्ट्रकंपने ताडून बघा. कर्निघन आणि रिची यांनीही हातानेच वाचलंय.’

स्ट्रकंप म्हणजे दोन माळा सारख्या आहेत का ते बघणारं फंक्शन; कर्निघन आणि रिची म्हणजे सीवरच्या प्रसिद्ध पुस्तकाचे लेखक. हातानेच वाचलंय, खरं आहे. पण नाव घेणाऱ्याने ते पान उघडून बघितलेलं नाही. त्यांच्या सीच्या पुस्तकातला ओळी शोधणारा प्रोग्रॅम डॅशने सुरू होणारी प्रत्येक माळ लूपमध्ये घेतो आणि तिच्यातलं एकेक अक्षर तपासतो. म्हणून एक्स आणि एन हे दोन ऑप्शन तिथे वेगवेगळे, उलटसुलट किंवा एकाच डॅशला जोडून, कसेही दिलेले चालतात. जागा मोजून वाचणं त्यात नाहीच.

जागा मोजणाऱ्या प्रोग्रॅमला डॅश-डीच्या आधी डॅश-व्ही दिला की तो डॅश-डीलाच आकडा समजतो आणि खऱ्या आकड्याला फाईलचं नाव. आकडा ऑप्शनला चिकटवून दिला तर ओळखत नाही. फाईलचं नावच डॅशने सुरू होत असेल तर दोन डॅशांची वेगळी माळ देऊन ‘इथे ऑप्शन संपले’ असं सांगायची रूढी आहे, तीही त्याला माहीत नाही.

पहिलं सूत्र: ‘गेटऑप्ट जुनाट आहे आणि सीच्या स्टँडर्डमध्ये नाही, म्हणून वापरू नका.’

गेटऑप्ट म्हणजे ऑप्शन वाचून देणारं तयार फंक्शन. सूत्रातलं अर्धं मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. गेटऑप्ट सीच्या आयएसओ स्टँडर्डमध्ये नाही. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर वापरलात तर तो मिळत नाही, विंडोजवरच्याच मिनजीडब्ल्यू कंपायलरमध्ये मिळतो. पण तो पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या स्टँडर्डमध्ये आहे, म्हणजे लिनक्स, मॅक, बीएसडी सगळीकडे आहे. एटी अँड टीने त्याचा सोर्स १९८५ मध्ये डॅलसच्या युनिफोरम परिषदेत सगळ्यांसाठी खुला केला. एकाच फाईलचा मामला, नसेल तिथे सोबत ठेवा. आणि एवढी वर्षं घासून गुळगुळीत झालेला कोड, हीच तर त्याची लायकी. डी या अक्षरापुढे कोलन (:) टाकलं की आकडा लागतोच हे त्याला कळतं, तिसऱ्या सूत्रातले सगळे प्रकार तो स्वतःच सांभाळतो.

एकच फाईल घेणाऱ्या, ऑप्शन नसलेल्या प्रोग्रॅमला गेटऑप्ट लागत नाही, हेही खरं. पण मेसेज तेवढ्यापुरतं बोलत नाही.

सहावं सूत्र: ‘गेटऑप्ट वापरायचाच झाला तर उत्तर कॅर मध्ये घ्या, कारण ऑप्शन एकाच अक्षराचा असतो.’

कॅर हा एका बाइटचा प्रकार, इंट हा पूर्णांकाचा. गेटऑप्ट पूर्णांक परत देतो, कारण ऑप्शन संपले की त्याला उणे एक सांगायचं असतं. इंटेलच्या लॅपटॉपवर कॅर चिन्हासह असतो, म्हणून उणे एक तसाच राहतो आणि काही बिघडत नाही. एआरएमवरच्या लिनक्समध्ये, म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर, साधा कॅर बिनचिन्हाचा असतो. उणे एकचे तिथे २५५ होतात, २५५ कधीच उणे एक होत नाही, आणि लूप संपत नाही. भाचीच्या वर्गातल्या एका गटाचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर छान चालला आणि पायवर वापराची माहिती छापतच सुटला. पोरांनी दोन दिवस बोर्ड खराब समजून तो बदलून मागितला. इंट लिहिलं असतं तर हे काहीच झालं नसतं.

पाचवं सूत्र: ‘ऑप्शनमधलं फाईलचं नाव ५० अक्षरांच्या ॲरेत स्ट्रकॉपीने घ्या, एवढं मोठं नाव कुणी देत नाही.’

मराठी माणूस देतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, तीन बाइट घेतं. ‘सांगली’ हा एकच शब्द १८ बाइटचा. ‘सांगली_हळद_सौदे_मार्च’ हे साधं नाव ५७ बाइट होतं, त्यावर सीएसव्हीचं शेपूट चार बाइटचं. ॲरे भरून वाहिला आणि शेजारची मेमरी बिघडली. मुळात नक्कल करायचीच गरज नाही. गेटऑप्ट ऑप्शनपुढचं मूल्य ज्यात देतो तो ऑप्टआर्ग आर्गव्हीतल्या त्याच माळेकडे बोट दाखवतो, आणि ती माळ प्रोग्रॅम संपेपर्यंत जागेवर असते. पॉइंटर ठेवा, झालं.

सातवं सूत्र: ‘पासवर्डही ऑप्शननेच घ्या.’

चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी पीएस कमांड चालवणाऱ्या, त्याच मशीनवरच्या इतर लोकांना तो सहसा जसाच्या तसा दिसतो, शेलच्या इतिहासात साठतो तो वेगळाच. नका घेऊ.

भाचीने त्या रात्री माझ्या शेजारी बसून सगळं नव्याने लिहिलं. ऑप्शन वाचायचा भाग पस्तीसेक ओळींचा झाला. पुन्हा देवनागरी ४५ चिकटवलं, तेव्हा प्रोग्रॅमने ‘डॅश-डी पुढचा आकडा इंग्रजी अंकांत द्या’ असं एररच्या वाटेने छापलं आणि शून्य नसलेला कोड देऊन थांबला. मग ती म्हणाली, “मामा, मराठी आकडेच चालले पाहिजेत की, नोंदी मराठीत आहेत.” तिचं बरोबर होतं. देवनागरी अंकांचे तीन बाइट ओळखून त्यांचे इंग्रजी अंक करणारं छोटं फंक्शन ती आता लिहितेय.