साखरेवर फुंकून नवरा मुठीत येत नसतो

सध्या बायकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड जोरात फिरतंय. कुरआनच्या सूरह (अध्याय) फुरकानची ७४ वी आयत (ओळ) ४१ दिवस रोज ३१३ वेळा वाचा, साखरेवर दम करा, म्हणजे पढून फुंका, ती साखर नवऱ्याच्या चहात घाला, नवरा तुमच्या मुठीत. फक्त बायकांनीच वाचायची, मधे माहेरी काही बोललात तर असर गेला, आणि वर हे ११ जणींना पाठवा. आधी खालाने (मावशीने) पाठवलं, मग मामीने.

आता त्या आयतीतली मूळ दुआ, म्हणजे प्रार्थना बघा. 'रब्बना हब लना मिन अजवाजिना व जुर्रिय्यातिना कुर्रता अअयुन, वजअलना लिल मुत्तकीना इमामा.' आमच्या रब, आमचे जोडीदार आणि मुलंबाळं यांच्याकडून आमच्या डोळ्यांना थंडावा दे आणि आम्हाला परहेजगारांचे (अल्लाहला भिऊन वाईटापासून दूर राहणाऱ्यांचे) पुढारी कर. बस. यात मूठ कुठाय, आकडा कुठाय, साखर तर नाहीच नाही. आणि ही दुआ मागणारे कोण ते ६३ व्या आयतीपासून सांगितलंय, जमिनीवर नम्रपणे चालणारे, कोणी उद्धट बोललं तर सलाम म्हणून बाजूला होणारे, पैसा उधळत नाहीत आणि कंजुषीही करत नाहीत असे. म्हणजे काम आधी स्वतःवर आहे, ते सगळं गाळून फॉरवर्डवाल्याने एक आयत उचलली.

कोणी म्हणेल दम करणं तर जायज आहे. आजारी माणसावर कुरआन पढून दम करतात ते वेगळं हो. इथे त्याला न सांगता त्याच्या चहात काहीतरी घालून त्याला वश करायचंय, आणि जोडीदाराचं प्रेम मिळवायच्या टोटक्याला हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर साहेबांच्या वचनांत, सरळ शिर्क (अल्लाहच्या बरोबरीला दुसऱ्याला बसवणं) म्हटलंय. पैगंबर साहेबांचे साथी अब्दुल्लाह इब्ने मसऊद यांनी तर आपल्या बायकोच्या गळ्यातला मंतरलेला दोरा तोडून टाकला होता. लोकलच्या डब्यातल्या 'रूठा प्यार वापस' वाल्या बाबाच्या स्टिकरमध्ये आणि यात मला तरी फरक दिसत नाही.

गॅरंटीचं म्हणाल तर सूरह तहरीम उघडा. नूह आणि लूत दोघं पैगंबर, तरी त्यांच्या बायका वळल्या नाहीत. उलट फिरऔनची, म्हणजे मिसरच्या जुलमी राजाची बायको ईमानवाली, तिने नवरा मुठीत नाही मागितला, जन्नतमध्ये घर मागितलं आणि फिरऔनपासून सुटका मागितली.

फक्त बायकांनी वाचायची हे कोणी ठरवलं? रात्री उठून नमाज पढणारा आणि बायकोला उठवणारा, ती उठली नाही तर तोंडावर पाणी शिंपडणारा, त्याच्यासाठी हदीसमध्ये रहमतची (अल्लाहच्या कृपेची) दुआ आहे आणि तेच्या तेच शब्द नवऱ्याला उठवणाऱ्या बायकोसाठीही आहेत. कोकणात किती घरांत नवरा कुवेत नाहीतर दुबईला, बायको इथे. दुसऱ्यासाठी त्याच्या पाठीमागे केलेल्या दुआवर फरिश्ता आमीन म्हणतो, तुलाही तेच मिळो म्हणतो, ही सहीह मुस्लिम या हदीसच्या किताबातली हदीस तिकडच्या भावांनीही वाचावी.

आणि माहेरी बोलू नका ही तर डेंजर गोष्ट आहे. सूरह निसाची ३५ वी आयत म्हणते, दोघांत बिनसेल असं वाटलं तर एक पंच त्याच्या घरचा, एक तिच्या घरचा बसवा. मग माहेरी कळवायचं नाही तर पंच येणार कुठून? घरात मारहाण असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, क्रूरतेवरून तलाक मागायचा हक्क मुस्लिम बाईला १९३९ च्या कायद्याने दिलाय. हे चालू असताना दुआ करू नका असं कोणीही म्हणत नाहीये, पण ४१ दिवस गप्प बसा म्हणणारा तिचं नुकसान करतोय.

११ जणींना पाठवायचं तेवढं मी केलं नाही, खाला अजून फुगलेली आहे.