जुन्या भिंतीवर सिमेंट लावण्याआधी हे वाचा

जुन्या घराच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त पैसे कशात वाया जातात, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. भिंतीच्या तळाला दोन-तीन फूट ओल असते, पोपडे सुटलेले असतात. ठेकेदार म्हणतो, "खरवडून टाकू, वॉटरप्रूफिंग घालून दणकट प्लास्टर मारू." प्लास्टर होतं, रंग होतो, घरचे खूश. काही महिन्यांनी ओल परत येते आणि या खेपेला तीन फुटांवर न थांबता पाचपर्यंत चढते.

चुन्यात बांधलेली भिंत पाणी अडवत नाही. ती जमिनीतलं थोडं पाणी ओढते आणि अंगातून हवेत सोडून देते. सिमेंटने तिचं अंग बंद केलं की पाणी वाट मिळेपर्यंत वर चढतं. त्याच्यासोबत क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक होताना विटेचा पृष्ठभाग आतून फुटतो. भिंतीला लोणा लागतो तो असा. जुनी वीट मऊ आणि सिमेंट कडक, त्यामुळे झीज विटेची होते. पुढच्या वेळी ते प्लास्टर काढायला जाल तर त्याला चिकटून विटेच्या कपच्याही येतात, आणि दुरुस्तीचं काम दुप्पट होतं.

म्हणून आधी पाणी येतं कुठून ते शोधा. बहुतेक वेळा कारण इतकं साधं असतं की कुणी बघतच नाही. घराबाहेरची जमीन वर्षानुवर्षं भर घालून, फरश्या बसवून चढत गेलेली असते. ती आतल्या फरशीपेक्षा किमान ६ इंच खाली हवी. पन्हळीचा पाइप थेट भिंतीच्या पायाशी पाणी सोडत असतो. न्हाणीघराच्या भिंतीत एखादा सांधा ठिबकत असतो. ही तीन कारणं दूर न करता भिंतीत रसायनाची इंजेक्शनं मारणारा माणूस बोलावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेची आहे, हे ठरवायला उपकरण लागत नाही. दीड फूट बाय दीड फुटाचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली, आणि तिचा इलाज खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा. दोन टोचे खुपसून आकडा दाखवणाऱ्या मीटरवर विसंबू नका. भिंतीत क्षार असले की तो वाळलेल्या भिंतीलाही ओली ठरवतो.

कारण दूर झालं की थांबायचं. हा सगळ्यात वैतागाचा भाग, कारण भिंत फार सावकाश वाळते. ठोकताळा असा की एक इंच जाडीला साधारण एक महिना. १४ इंची भिंत म्हणजे वर्षाहून जास्त. तेवढं कुणी थांबत नाही हे मलाही कळतं. पण मग निदान जुना सिमेंटचा थर काढून भिंत उघडी ठेवा आणि बाकीची कामं उरका. त्या भिंतीची पाळी शेवटी.

गिलावा चुन्याचाच करायचा तर नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्याने आळणारा), ३.५ प्रतीचा, एक भाग आणि स्वच्छ जाडसर वाळू अडीच ते तीन भाग. भिंत आदल्या दिवशी भिजवायची, नाहीतर ती मालातलं पाणी शोषून घेते आणि गिलावा भुसभुशीत होतो. एक थर १० ते १२ मिलिमीटर, त्याहून जाड नाही. पुढचा थर कधी? अंगठा दाबल्यावर खड्डा पडू नये पण नखाने ओरखडा उठावा, तेव्हा. त्यानंतर निदान आठवडाभर ऊन-वारा लागू न देता दमट ठेवायचा. गवंडी "लवकर आळेल" म्हणून त्यात चार थाप्या सिमेंट टाकतो, तिथे लक्ष ठेवा. ते मिश्रण धड चुनाही राहत नाही आणि सिमेंटही होत नाही. वर रंग चुन्याची सफेदी किंवा सिलिकेटचा (भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देणारा खनिज रंग). प्लास्टिक पेंट लावलात तर एवढी मेहनत पुन्हा पिशवीत कोंबल्यासारखी होईल.

छपराचं काम भिंतीच्या आधी, हे कुणालाही पटतं. तरी रंगकाम झाल्यावर कौलं काढणारी घरं काही कमी नाहीत. छप्पर उघडलं की तुळयांची टोकं तपासा. लाकूड मधे ठणठणीत दिसतं आणि भिंतीत गेलेलं टोक कुजलेलं असतं, कारण ओल तिथेच धरून राहते. जाड स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर ते लाकूड गेलं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचा मार्ग मोकळा होतो, त्यामुळे टोक बदलल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना हवा खेळायला जागा सोडा. ते सिमेंटमध्ये चिणून टाकू नका.

वीज आणि नळ यांत अर्धवट काम सगळ्यात महाग पडतं. जुन्या लोखंडी पाइपचा आतला व्यास गंजून इतका कमी झालेला असतो की नवा नळ लावून धार वाढत नाही. मग पंप बसतो, दाब वाढतो आणि न बदललेला अर्धा पाइप भिंतीत फुटतो. बदलायचा तर सगळा बदला. टाइल लावायच्या आधी कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन बघा, मापकाचा काटा किमान तासभर हलता कामा नये. न्हाणीघरात वॉटरप्रूफिंग सुकल्यावर पाणी जाण्याचं भोक बंद करून इंच-दोन इंच पाणी ४८ तास तुंबवा आणि खालच्या छताकडे बघत राहा.

वायरिंगमध्ये गोम आहे ती वायरीच्या पाइपसाठी भिंतीत पाडायच्या खाचांची. साधारण नियम असा की उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, आडवी एक षष्ठांशाहून. साडेचार इंची भिंतीत आडवी खाच जेमतेम १९ मिलिमीटर बसते. म्हणजे २५ मिलिमीटरचा पाइप आडवा जातच नाही, तरी कटर फिरतोच. वरून उभा उतरवायला सांगा, वायर थोडी जास्त लागेल. जुन्या रबरी वायरी वाकवल्या की आवरण भुगा होऊन पडतं, त्यांना नवीन वायर जोडू नका. आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावल्या लावल्या सारखा ट्रिप होतो म्हणून इलेक्ट्रिशियनने काढून टाकला, तर त्याला परत बोलवा. ट्रिप होतोय याचा अर्थ बहुतेक कुठेतरी वीज गळतेय, आणि ते सांगणं हेच आरसीसीबीचं काम.

फरशीबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. जुन्या लाकडी तक्तपोशीवर लेव्हल साधायला सरसकट दोन इंच काँक्रीट ओतायचा सल्ला मिळेल. हिशेब करा: ५० मिलिमीटर काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला साधारण ११० किलो. १५ चौरस मीटरच्या खोलीत दीड टनाहून जास्त वजन, ज्या तुळयांची टोकं आपण आत्ताच टोचून बघत होतो त्यांच्यावर. शिवाय फरशी चढली की दरवाजे खालून कापावे लागतात, आणि जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या उंचीची होते. पायाला सवय असते सारख्या उंचीची. माणूस तिथेच अडखळतो.

खोल्या गुण्यात (काटकोनात) नसतात, भिंती ओळंब्यात (सरळ उभ्या) नसतात, हे गृहीत धरा. ओटा आणि कपाटांची मापं गिलावा झाल्यावरच द्या आणि कडेला दोन इंचांची पट्टी ठेवायला सांगा, ती भिंतीच्या वळणाप्रमाणे तासून बसवता येते. नवीन टाइलच्या सरळ रेषा जुनी वाकडी भिंत आणखी वाकडी दाखवतात. त्यावर उपाय लहान टाइल, आणि थोडं दुर्लक्ष.

राहिलं अंदाजपत्रक. "लमसम" आकड्याला हो म्हणू नका. प्रत्येक कामाचा दर प्रत्यक्ष मापावर घ्या आणि उघडल्यावर निघणाऱ्या कामांचे दरही आधीच लिहून घ्या: कुजलेली तुळई बदलणं प्रति फूट, निखळलेल्या विटा बसवणं प्रति चौरस फूट. ठरलेल्या आकड्यावर २० टक्के बाजूला ठेवा, आणि भिंती उघडेपर्यंत त्यातलं काहीही टाइल्सवर उधळू नका. राडारोडा वेगळा लिहा. १०० चौरस मीटरवरचा २० मिलिमीटर गिलावा भिंतीवर २ घनमीटर असतो. फोडल्यावर तो ३ घनमीटरच्या आसपास फुगतो आणि वजन साडेतीन-चार टन भरतं. हे कोण उचलणार आणि कुठे टाकणार, हा प्रश्न ढीग दारात पडल्यावर विचारला की दर ठेकेदार ठरवतो.

आणि भिंती बंद करायच्या आदल्या दिवशी, टेप भिंतीला लावून, प्रत्येक पाइपचा आणि वायरीचा फोटो काढा. कोपऱ्यापासून किती आणि फरशीपासून किती, दोन्ही आकडे फोटोत वाचता आले पाहिजेत.